युरोपातील शिक्षण आणि खानदेशचा सातबारा

पदवी परीक्षांचे निकाल लागू लागले, की परदेशी शिक्षणाची चर्चा सुरू होते. एके काळी ही चर्चा मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांपुरती मर्यादित होती. आज ती जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचली आहे. रावेर-यावलकडील केळी बागायतदाराचा अभियंता मुलगा किंवा शिंदखेड्याच्या प्राथमिक शिक्षकाची बी. एस्सी. झालेली मुलगी परदेशी जाण्याची भाषा करते, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. अमेरिकेचा अवाढव्य खर्च ध्यानी घेऊन यांतील बरेच जण युरोपकडे वळतात, आणि मग पालक एकच प्रश्न विचारतात : ‘युरोपात देश कोणता चांगला?’

प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याची मांडणी अपुरी आहे. उच्च शिक्षणाला खर्च येतो, आणि तो कोणाला तरी सोसावाच लागतो. तो करदात्याने सोसावा, विद्यार्थ्याने सोसावा, की दोघांनी वाटून घ्यावा, याचा निर्णय प्रत्येक देशाने आपापल्या राजकारणातून घेतलेला आहे. देश निवडणे म्हणजे हा निर्णय निवडणे होय. तेव्हा देशाच्या नावापेक्षा हा निर्णय आपल्या घरच्या ऐपतीशी जुळतो काय, हे आधी पाहावयास हवे.

खर्चाचे तीन मार्ग

पहिला मार्ग जर्मनीचा. तेथील सार्वजनिक विद्यापीठांत पदवीला आणि तिला जोडून घेतलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला सर्वसाधारणपणे शिक्षणशुल्क नाही, मग विद्यार्थी जर्मन असो वा भारतीय. दर सत्राला शे-साडेतीनशे युरोंचे किरकोळ शुल्क तेवढे भरावे लागते. याला अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने २०१७ मध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्रामागे १५०० युरो फी लागू केली, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून त्याहून अधिक फी सुरू केली.

दुसरा मार्ग ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्सचा. येथे परदेशी विद्यार्थी हा विद्यापीठाच्या उत्पन्नाचा भाग आहे. ब्रिटनमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची फी सामान्यतः पंधरा ते तीस हजार पौंडांच्या दरम्यान असते. म्हणजे आपल्या हिशेबाने केवळ फीच सतरा-अठरा लाखांपासून पस्तीस लाख रुपयांपर्यंत जाते.

तिसरा मार्ग मधला आहे. इटलीतील सार्वजनिक विद्यापीठांत फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना तेथील प्रादेशिक शासनाकडून शिष्यवृत्तीही मिळू शकते. फ्रान्सने २०१९ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी वाढवली. पदव्युत्तर वर्गासाठी ती वर्षाला ३७७० युरो ठरली. पुष्कळ विद्यापीठे तीतून सूट देतात, आणि पूर्ण भरली तरी ती ब्रिटनच्या मानाने अल्पच आहे.

हे निर्णय कायमचे नसतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांना फी लागू केली. ज्या दारातून थोरला भाऊ विनामूल्य गेला, त्याच दारात धाकट्याकडे पैसे मागितले जाऊ शकतात. दहा वर्षांपूर्वीच्या ऐकीव माहितीवर आजचा निर्णय घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

‘फुकट’ची किंमत

एवढे वाचून कोणी म्हणेल, की मग जर्मनीच बरी. परंतु जेथे फी नाही तेथे खर्च नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याला एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आगाऊ दाखवावी लागते. ती बहुधा ‘ब्लॉक्ड अकाउंट’ नावाच्या खात्यात भरतात, आणि त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. २०२२ च्या सप्टेंबरात युरो ऐंशी रुपयांच्या आसपास होता. २०२५ च्या सप्टेंबरात तो शंभरीच्या वर गेला. म्हणजे जी रक्कम एके काळी साडेनऊ लाखांत उभी राहिली असती, तिला बारा लाखांहून अधिक लागू लागले. युरोपातील फी वाढली नाही तरी रुपया घसरला, की खर्च वाढतोच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात ही अडचण किती कठोर रूपाने आली, ते सर्वांना ठाऊक आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे व मित्राचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. एवढ्या असामान्य बुद्धिमत्तेच्या विद्यार्थ्यालाही पैशाअभावी तीन वर्षे गमवावी लागली. तेव्हा पहिल्या वर्षाचा पैसा जमला म्हणजे काम झाले, असे कोणत्याही पालकाने मानू नये. पदवी हाती पडेपर्यंतचा पूर्ण खर्च, आणि त्यावर रुपयाच्या घसरणीसाठी काही राखीव रक्कम, असा हिशेब मांडला पाहिजे.

विद्यार्थी तेथे काम करून कमावू शकतो, हे खरे. जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. परंतु हे काम निर्वाहाला हातभार लावणारे असते. कर्जाचे हप्ते त्यातून फिटतील, अशी आशा बाळगणे शहाणपणाचे नाही.

जमीन आहे, तारण नाही

खानदेशातील अडचण येथे सुरू होते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा मालमत्तेचे तारण लागत नाही. त्यापुढे मात्र बँका तारण मागतात, आणि शेतजमीन तारण घेण्यास त्या नाखूश असतात. याचे कारण कायद्यात आहे. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना न्यायालयाबाहेर मालमत्ता ताब्यात घेण्याचे अधिकार देणारा जो ‘सरफेसी’ कायदा २००२ मध्ये झाला, त्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन वगळली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा होतो, की दहा एकर बागायतीचा धनी असलेल्या शेतकऱ्याला जे कर्ज मिळत नाही, ते जळगावात एक सदनिका असलेल्या नोकरदाराला मिळते. नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबाची जमीन तर बिगर-आदिवासीला सहजासहजी हस्तांतरितही होऊ शकत नाही. मग खाजगी वित्तसंस्थेचे चढ्या व्याजाचे कर्ज, नातलगांची उसनवारी किंवा जमिनीचा तुकडा विकणे, एवढेच पर्याय उरतात. अशा घराने पस्तीस लाखांच्या फीचा देश निवडणे आणि पगारदाराच्या घराने निवडणे, या दोन सारख्या गोष्टी नव्हेत. कर्ज बुडाले तर एकाची बचत जाते, दुसऱ्याचा सातबारा जातो.

सल्ला कोणाचा?

हा हिशेब पालकांना कोणी समजावून सांगतो काय? बहुतेकांना सल्ला मिळतो तो खाजगी सल्लागार कार्यालयांतून. या कार्यालयांत प्रामाणिक माणसे नाहीत असे नाही; परंतु व्यवसायाचे गणित समजून घेतले पाहिजे. अनेक परदेशी संस्था आपल्याकडे पाठवलेल्या विद्यार्थ्यामागे सल्लागाराला दलाली देतात, आणि ही दलाली फीमधून निघते. जेथे फीच नाही, तेथे दलाली कोठून यावी? म्हणूनच जर्मनीच्या सार्वजनिक विद्यापीठांऐवजी ब्रिटन, आयर्लंड किंवा जर्मनीतीलच भरमसाट फीची खाजगी संस्था पुढे केली जाते. कापूस विकताना अडत कोण घेतो आणि कोणाकडून घेतो, हे आपला शेतकरी बरोबर जाणतो. मुलाच्या शिक्षणाच्या बाबतीतही त्याने हाच प्रश्न विचारला पाहिजे. जर्मन सार्वजनिक विद्यापीठांचे अर्ज विद्यार्थ्याला स्वतः करता येतात. अभ्यासक्रमांची यादी ‘डाड’ या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळते. भारतीय गुणपत्रिकांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून आवश्यक झाले आहे, तेही विद्यार्थी स्वतः मिळवू शकतो.

शासनाच्या धोरणातही अशीच एक विसंगती आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ जणांना मिळते. तिला क्यूएस या जागतिक क्रमवारीतील विशिष्ट क्रमांकाच्या आतील विद्यापीठाची अट आहे. शासकीय पैसा सुमार संस्थेवर जाऊ नये, हा हेतू रास्त आहे. परंतु जर्मनीतील उपयोजित विज्ञानांची विद्यापीठे, ज्यांचा तेथील कारखान्यांशी निकटचा संबंध असतो, ती या क्रमवारीत बहुतांशी येतच नाहीत. परिणामी महाराष्ट्राच्या करदात्याचा पैसा ब्रिटनमधील विद्यापीठांच्या फीकडे वळण्यास ही अट हातभार लावते. फी नसलेल्या मान्यताप्राप्त सार्वजनिक विद्यापीठांसाठी वेगळा निकष ठेवला, तर तेवढ्याच रकमेत अधिक विद्यार्थी जाऊ शकतील.

वैद्यकीय शिक्षणाचा विचार निराळा करावा लागतो. कारण तेथे पदवीचे मोल परतल्यावर मिळणाऱ्या नोंदणीवर ठरते. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम, त्याच संस्थेत एक वर्षाची आंतरवासिता आणि त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. शिवाय मायदेशी परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या निकालात उत्तीर्णांचे प्रमाण अलीकडे बहुधा तिशीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राहिले आहे. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थ्यांना अभ्यास सोडून परतावे लागले, तेव्हा स्वस्त फीच्या मागे दडलेली जोखीम साऱ्या देशाने पाहिली.

भाषेची गुंतवणूक

खर्चाइतकाच महत्त्वाचा, पण उपेक्षित राहिलेला प्रश्न भाषेचा आहे. जर्मनीत किंवा इटलीत इंग्रजीतून पदव्युत्तर शिक्षण मिळते. नोकरी मात्र, संगणक क्षेत्राचा काही भाग सोडला तर, त्या देशाची भाषा आल्यावाचून सहसा मिळत नाही. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी जर्मनी दीड वर्ष देते. ब्रिटनने २०२१ मध्ये दोन वर्षांची सवलत दिली होती. ती १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दीड वर्षावर आणण्याचे ठरवले आहे. या मुदतीत ज्याला भाषा येते त्याला काम मिळते. ज्याला येत नाही तो कर्ज घेऊन परततो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, इंग्रजीच्या देशात आपण फी भरतो, तर जर्मनीत फीऐवजी श्रम भरतो. ज्या घरात पैसा कमी पण मेहनतीची तयारी आहे, त्या घराला दुसरा सौदा परवडणारा आहे.

ही तयारी आपल्या मुलांत नाही असे कोण म्हणेल? घरी अहिराणी, लेवा बोली किंवा भिली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी, असा प्रवास केलेल्या विद्यार्थ्याला आणखी एक भाषा अशक्य नाही. त्याला हवी आहे ती वेळेवर मिळणारी, परवडणारी सोय. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९९० मध्ये झाली, ती या भागाच्या गरजा पुण्याच्या दाराशी न जाता भागाव्यात म्हणून. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे एकेका महाविद्यालयात जर्मन आणि फ्रेंचचे पदवीच्या पहिल्या वर्षापासूनचे वर्ग चालावेत आणि त्यांना श्रेयांक मिळावेत, ही मागणी अवास्तव नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि दहा हजार तरुणांना जर्मन शिकवण्याचा संकल्प सोडला. आपले कामगार हवेत म्हणणारे हे राज्य आपल्या विद्यार्थ्यांकडून मात्र फी घेण्याचा कायदा करून बसलेले होते! करार करताना विद्यार्थ्यांसाठी फीमाफी मागण्याची संधी शासनाला होती. पुढील करारात तरी ती साधावी.

त्याचबरोबर निर्वाहाच्या आगाऊ रकमेपुरते, म्हणजे बारा-तेरा लाखांपर्यंतचे कर्ज सार्वजनिक विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला शासनाच्या हमीवर मिळावे. ही रक्कम अनुदान नव्हे. ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच खात्यात राहते आणि त्याच्या निर्वाहावरच खर्च होते. तिच्यासाठी बापाने जमीन विकावी, ही आपल्या पतव्यवस्थेची नामुष्की आहे.

हे सर्व होईपर्यंत पालकांनी निदान एवढे करावे. देशाचे नाव घेण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहाव्यात : संस्था सार्वजनिक आहे की खाजगी, पदवी मिळेपर्यंतचा एकूण खर्च किती, तेथील भाषा मुलाला किती येते, आणि नोकरी न मिळता तो परतला, तर इथल्या पगारातून कर्ज किती वर्षांत फिटेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घराला सोसणारे असेल, तर मुलाला निःशंक मनाने पाठवावे. ते सोसणारे नसेल, तर देश कितीही चांगला असो, तो आपल्या घरासाठी चांगला नाही. आणि अशा वेळी एक वर्ष थांबून, भाषा शिकून, फी नसलेल्या विद्यापीठाचा अर्ज करण्यात कोणताही कमीपणा नाही.