गोवर आणि हरवणारी प्रतिकारशक्ती

गोवराचा विषाणू रुग्णाच्या खोकल्या-शिंकेतून हवेत पसरतो आणि तिथे दोन तासांपर्यंत तग धरतो. श्वासावाटे आत शिरल्यावर तो आधी प्रतिकारक पेशींनाच गाठतो आणि त्यांच्यातूनच शरीरभर पोहोचतो. साधारण दहा दिवसांनी ताप, खोकला सुरू होतो, डोळे लाल होतात. गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके उमटतात. अंगावरचे पुरळ मात्र शरीराच्या प्रतिकाराची खूण असते. टी-पेशी नावाच्या प्रतिकारक पेशी तेव्हा त्वचेतल्या बाधित पेशी नष्ट करत असतात. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णाला कधी कधी पुरळ येतच नाही, आणि ते जास्त धोक्याचे.

बरे झाल्यावर गोवरापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळते, पण त्याची किंमत मोठी असते. विषाणू स्मृतिपेशी मारत असल्याने इतर आजारांविरुद्ध कमावलेले संरक्षण पुसले जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवर होऊन गेलेल्या, लस न घेतलेल्या मुलांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. ‘गोवर येऊन गेलेला बरा’ ही समजूत म्हणूनच घातक आहे. लसीतला दुबळा केलेला विषाणू ही हानी न करता संरक्षण देतो. सरकारी आरोग्य केंद्रांत ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांच्या वयात तिच्या दोन मात्रा मोफत मिळतात. दुसरी चुकवू नये.