गोलेच्या जोड्या

वायफायची लहर एकसंध नसते. १९९९ साली ठरलेल्या ८०२.११ए या मानकात ती ५२ वाहक लहरींची बेरीज आहे. ४८ माहितीसाठी, ४ संदर्भासाठी. माहिती अशी वाटून पाठवली की भिंतींवर आपटून उशिरा पोचणाऱ्या लहरींचा त्रास फार कमी होतो. ओएफडीएम नावाची हीच पद्धत पुढे ४जी आणि ५जीतही आली.

या पद्धतीचं एक जुनं दुखणं आहे. एरवी या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडत असतात, पण सगळ्यांचे उंचवटे एकाच क्षणी जुळले तर शक्ती सरासरीच्या ५२ पट होऊ शकते. ॲम्प्लिफायर लहान असेल तर ते शिखर छाटलं जातं, माहिती बिघडते आणि शेजारच्या चॅनेलमध्ये गोंगाट सांडतो. मोठा घ्यावा तर तो बहुतेक वेळ क्षमतेच्या खूप खाली चालतो आणि बॅटरीतली वीज उष्णता होऊन वाया जाते.

वाटेत बिघडलेली अक्षरं दुरुस्त करणं हे शिखरं आटोक्यात ठेवण्याहून वेगळं काम मानलं जाई. दोन्ही कामं एकाच संकेतावलीकडून, म्हणजे पाठवायच्या ओळींच्या ठरावीक संचाकडून, करून घेता येतात, हे १९९९ मध्ये रिचमंड विद्यापीठाचे जेम्स डेव्हिस आणि ब्रिस्टलच्या ह्यूलेट-पॅकार्ड प्रयोगशाळेतले जोनाथन जेडवॅब यांनी दाखवलं. मला तो शोध या विषयातला सर्वांत देखणा वाटतो.

त्याचं मूळ रेडिओत नव्हे, प्रकाशात आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले मार्सेल गोले अवरक्त प्रकाशाचा वर्णपट मोजणाऱ्या, अनेक फटींच्या यंत्रावर काम करत होते. तिथे त्यांना धन-ऋण चिन्हांच्या विशिष्ट जोड्या लागल्या. १९६१ मध्ये त्यांनी या जोड्यांचं गणित स्वतंत्र निबंधात मांडलं. (व्हॉयेजरने गुरू-शनीची रंगीत चित्रं पाठवताना जी चूकदुरुस्ती वापरली, तिचा उगमही याच गोलेंच्या १९४९ च्या जेमतेम पानभर टिपणात आहे.)

एक जोडी पाहा: + + + − आणि + + − +. पहिली ओळ एक घर सरकवून स्वतःशीच गुणली आणि बेरीज केली तर १ येतो, दुसरीचा −१. दोन घरं सरकवली तर दोन्हीकडे शून्य, तीन घरं सरकवली तर −१ आणि १. प्रत्येक वेळी दोघींची बेरीज शून्य. आता ही चिन्हं चार वाहकांवर चढवा. या शून्यांचा अर्थ असा, की दोन्ही लहरींच्या शक्तींची बेरीज प्रत्येक क्षणी तीच राहते: सरासरीच्या दुप्पट. शक्ती ऋण होऊ शकत नाही, म्हणून एकटी लहर त्या दुपटीपलीकडे कधीच जाणार नाही. वाहक चार असोत की हजार, मर्यादा दोनच. रेडिओच्या शिखरांसाठी या जोड्या उपयोगी आहेत हे ब्रानिस्लाव पोपोविच यांनी १९९१ मध्ये मांडलं होतं.

पण अशा ओळी वेचून त्यांची नुसती यादी करणं पुरेसं नसतं; चूक सुधारायला त्यांच्यात रचना हवी. डेव्हिस-जेडवॅब यांना ती रीड-मुलर या १९५४ पासूनच्या संकेतावलीत सापडली. १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या मरिनर ९ ची चित्रं याच घराण्यातल्या संकेतावलीने आली होती. ३२ चिन्हांतल्या ७ चुका ती सुधारत असे. १६ वाहकांसाठी डेव्हिस-जेडवॅब यांच्या रचनेत गोलेच्या जोड्यांतल्या ओळींचे १२ गट मिळतात, प्रत्येकात ३२ ओळी. या ३८४ ओळींपैकी कोणत्याही दोन किमान चार जागी वेगळ्या असतात, म्हणजे एक चूक नक्की सुधारते. मरिनरच्या काळापासून माहीत असलेली झटपट उकल प्रत्येक गटावर एकदा चालवली की काम झालं.

मग ही युक्ती आपल्या फोनमध्ये का नाही? १६ वाहकांवर ३८४ ओळींतून पूर्ण ८ बिट जातात, निम्मी क्षमता. ६४ वाहकांवर ४६,०८० ओळी मिळतात, पण त्यातून जेमतेम १५ बिट. वाहक वाढतील तसा वेग कोसळतो, आणि २० मेगाहर्ट्झच्या ४जी चॅनेलमध्ये तर १,२०० वाहक असतात. म्हणून तिथे फोनकडून टॉवरकडे जाणारी लहर एकवाहकासारखी घडवून शिखरं कमी केली जातात आणि चूकदुरुस्ती वेगळी चालते.

गोलेच्या जोड्या मात्र वाया गेल्या नाहीत. ६० गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्या असतात. रिसीव्हर त्यांवरून वाटेतले प्रतिध्वनी मोजतो. आणि जिथे वाहक मोजके, वेग माफक आणि वीज जपून वापरायची, अशा उपकरणांसाठी डेव्हिस-जेडवॅब यांची रचना आजही आधी तपासून पाहावी अशीच आहे.