'बॉयकॉट'चा ट्रेंड सुरू झाला तो आयर्लंडच्या या शहरातून!

एनिस हे आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीचं मुख्य शहर. १८२८ मध्ये क्लेअरमधून डॅनियल ओकॉनेल निवडून आले. पण कॅथलिक असल्याने त्यांना संसदेत बसता येईना. वर्षभरात ब्रिटिशांना कायदाच बदलावा लागला.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिसच्या सभेत नेते चार्ल्स पार्नेल म्हणाले, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याला मारू नका, वाळीत टाका. काही दिवसांतच मेयो काउंटीत जमीनदाराचे कारभारी कॅप्टन बॉयकॉट यांना लोकांनी वाळीत टाकलं आणि त्यांचं आडनावच शब्द बनलं.

फर्गस नदीकाठच्या एनिसला गेलात, तर १३व्या शतकातला फ्रान्सिस्कन मठ, अरुंद गल्ल्या आणि उंच खांबावरचा ओकॉनेल यांचा पुतळा नक्की पाहा.