आर्कला किती रॅम द्यावी?

रात्रीचा बॅकअप सुरू झाला की सर्व्हरवर लॉगिन करून 'आर्कस्टॅट १' लावून ठेवावं. दर सेकंदाला एक ओळ उतरते. बघायचा तो 'साइज'चा रकाना: ३८ जीबी, ४१, ४६... शेजारच्या खिडकीत मोकळी मेमरी त्याच वेगानं आटत असते.

आमचं यंत्र १२८ जीबी रॅमचं, प्रॉक्समॉक्सवर चालणारं, डिस्क झेडएफएसवर. सगळ्या व्हर्च्युअल मशीनना मिळून ८८ जीबी दिलेले. म्हणजे ४० शिल्लक. पण लिनक्सवर झेडएफएसची आर्क, म्हणजे तिची स्वतःची कॅश, वर्षानुवर्षं निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकत होती. ६४ आणि ८८ मिळून १५२! पहिल्या दिवशी हे कळत नाही, कारण व्हीएम दिलेली मेमरी लगेच वापरत नाही. आतली ओएस आपल्या फाइलींची कॅश हळूहळू भरत जाते, आणि तिनं एकदा घेतलेली मेमरी होस्टला सहसा आपणहून परत मिळत नाही. काही आठवड्यांत दोन्ही बाजू फुगतात. मग एका पहाटे कर्नलचा ओओएम किलर सर्वांत मोठी प्रोसेस शोधतो, आणि अशा सर्व्हरवर सर्वांत मोठी प्रोसेस म्हणजे एक अख्खं व्हीएम. लॉगमध्ये 'किल्ड प्रोसेस', पुढे क्रमांक आणि 'केव्हीएम' एवढंच. हिशेबाचा सर्व्हर वीज गेल्यासारखा बंद.

मग सगळे आर्कला दोष देतात. मला ते पटत नाही. आयबीएमच्या अल्माडेन केंद्रातले निम्रोद मेगिद्दो आणि मुंबई आयआयटीत शिकलेले धर्मेंद्र मोढा यांनी २००३ साली मांडलेली ही पद्धत फार देखणी आहे. नुकते वाचलेले ब्लॉक एका यादीत, पुन्हा पुन्हा लागणारे दुसरीत. शिवाय बाहेर काढलेल्या ब्लॉकची नुसती नोंद ठेवणाऱ्या आणखी दोन याद्या. काढलेला ब्लॉक लगेच मागितला गेला, तर तो जिच्यातून गेला त्या यादीला जागा वाढवून मिळते. त्यामुळे बॅकअपनं सगळी डिस्क वाचून काढली तरी रोजच्या कामाचे ब्लॉक सहसा टिकतात. अडचण आहे ती आकाराची. लिनक्सची नेहमीची पेज कॅश गरज पडताच जागा सोडते. आर्क सोडते, पण सावकाश.

म्हणून मर्यादा आपणच घालायची. प्रॉक्समॉक्सचा ठोकताळा असा: मुळात २ जीबी, वर दर टीबीमागे १. आमच्या ८ टीबीला १० पुरले असते, मी १६ दिले. आकडा बाइटमध्ये लिहावा लागतो: १७१७९८६९१८४. चालू यंत्रात तो घातला तरी मेमरीवर ताण येईपर्यंत आर्क उतरत नाही. म्हणून तो मॉड्यूलच्या कॉन्फिग फाइलीत लिहून रीबूट करणं बरं. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्या इन्स्टॉलेशनला रॅमच्या १० टक्के, जास्तीत जास्त १६ जीबी, अशी मर्यादा आपोआप लागते. जुन्यावरून अपग्रेड केलेल्यांनी मात्र स्वतः तपासावं.

काहीजण याच्याही पुढे जाऊन आर्कमध्ये व्हीएमच्या डिस्कचा फक्त मेटाडेटा ठेवतात. आतली ओएस कॅश करतेच, मग दोनदा कशाला, असं त्यांचं म्हणणं. भरपूर रॅम दिलेल्या डेटाबेसच्या व्हीएमला ते चालेल. पण २-४ जीबीच्या छोट्या व्हीएममध्ये कॅशला जागाच नसते. तिथे तोच ब्लॉक पुन्हा पुन्हा डिस्कवरून उचलावा लागतो. ती सेटिंग मी सरसकट कधीच लावत नाही.