परवाना कोणाचा?

मुलांनो, समजा, मुरूडला तुमच्या घरामागे एक नवी खोली बांधून झाली आहे. आता तिथे दिवा आणि पंखा हवा, शेजारच्या मोरीत गीझर हवा. मामू म्हणतात, "जुन्या वायरीलाच जोड देऊ. ओळखीचा मुलगा तासाभरात काम करून देईल." तुम्ही काय म्हणाल?

आधी थोडा हिशेब करू. आपल्या घरात २३० व्होल्ट दाबाची वीज येते. ७५ वॅटच्या पंख्याला सुमारे एक तृतीयांश अँपिअर प्रवाह लागतो. २००० वॅटच्या गीझरला जवळजवळ ९ अँपिअर लागतो. म्हणजे एक गीझर पंचवीसहून अधिक पंख्यांएवढी वीज घेतो! दिव्या-पंख्यासाठी घातलेली बारीक तार एवढा भार सोसत नाही. ती तापते, तिच्यावरचे वेष्टन वितळते आणि आग लागू शकते. त्यात आपली किनाऱ्यावरची हवा खारट व दमट. तारांचे जोड लवकर गंजतात आणि गंजलेला जोड अधिकच तापतो.

म्हणूनच कायद्याने एक मर्यादा आखून दिली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे अशा किरकोळ कामांना परवाना लागत नाही. पण नवी वायर टाकायची, वायरिंग वाढवायचे किंवा बदलायचे, तर ते काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. प्रत्यक्ष काम करणाऱ्या वायरमनजवळही परवाना असावा लागतो. म्हणजे हा परवाना घराला मिळत नाही, तो माणसाला मिळतो. आपण फक्त तो पाहायला मागायचा.

मग घरच्यांनी काय करावे? प्रथम ठेकेदाराचा परवाना पाहावा. त्यावरचा क्रमांक आणि मुदत वाचावी. नंतर त्याच्याकडून सर्व उपकरणांच्या भाराची बेरीज करून घ्यावी. वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. बेरीज त्याहून जास्त झाली, तर भार वाढवून मिळावा म्हणून महावितरणकडे अर्ज करावा.

काम पुरे झाले की ठेकेदार मेगर नावाच्या उपकरणाने तारांचे वेष्टन तपासतो. अर्थिंग, म्हणजे जमिनीशी केलेली जोडणी, नीट आहे का तेही पाहतो. मग तो चाचणी अहवाल लिहून त्यावर सही करतो. नवे मीटर घ्यायचे असेल, तर अर्जासोबत हा अहवाल, ओळखीचा पुरावा आणि जागेचा पुरावा जोडतात. अहवालाची एक प्रत घरी जपून ठेवावी.

कोणी म्हणेल, एका सहीसाठी एवढी खटपट कशाला? त्या सहीचा अर्थ असा, की हे काम मी तपासले आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले. अशा वेळी खांब उभे राहून वीज परत आली, तरी भिजलेल्या घरात लगेच बटण दाबणे धोक्याचे असते. ओल्या भिंतीत वीज उतरलेली असू शकते. त्या वेळीही मेन स्विच बंद ठेवून जाणकार वायरमनकडूनच तपासणी करून घ्यावी.

'अर्ज' आणि 'परवाना' हे शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचे आहेत. उर्दूत परवाना म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंगही. प्रकाशाची ओढ त्यालाही असते, पण ज्योत जाळते हे त्याला कळत नाही. आपल्याला ते कळते. आज घरी गेल्यावर वीजबिल हातात घ्या, त्यावरचा मंजूर भार शोधा आणि घरातील उपकरणांचे वॅट मोजून पाहा. बेरीज जास्त आली, तर ती घरातल्या मोठ्यांना दाखवा.