पेशीची भूक, रोग्याचा उपास

कर्करोगाचे निदान झाले की अनेक घरांत सर्वांत आधी साखर बंद होते. पाठोपाठ भात जातो, फळे जातात, कुठे दूधही जाते. गाठ साखरेवर पोसते, तेव्हा साखर तोडली की गाठ सुकेल, असा त्यामागचा हिशेब. त्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा खरा नाही.

१९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्ग यांनी गाठींचे पातळ काप काचेच्या भांड्यात ठेवून त्यांचा श्वसनव्यवहार मोजला. ऑक्सिजन मुबलक असूनही त्या पेशी बरेचसे ग्लुकोज अर्धवट मोडून त्याचे लॅक्टिक आम्ल करत होत्या. या वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे दोनच रेणू मिळतात. पूर्ण ज्वलनातून सुमारे तीस. पेशीची श्वसनयंत्रणा बिघडली असावी, असे वारबुर्ग यांना वाटले. बहुतेक गाठींत ती चालूच असते, हे पुढे दिसले. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेबरोबर बांधकामाचा मालही लागतो. ग्लुकोजमधला काही कार्बन ती डीएनए आणि मेद घडवण्याकडे वळवते. नायट्रोजन ग्लुटामिनसारख्या अमिनो आम्लातून घेते.

पेट स्कॅन याच भुकेचा माग काढतो. काही तास उपाशी असलेल्या रोग्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज शिरेतून देतात आणि तासभर शांत पडून राहायला सांगतात. पेशी ते आत ओढते, पण पुढे मोडू शकत नाही. ते तिथेच अडकते. पडद्यावर गाठ उजळते. मात्र मेंदूही उजळतो. तोही मुख्यतः ग्लुकोजवरच चालतो.

साखर तोडण्याचा हिशेब इथेच फसतो. ताटातली साखर गेली तरी रक्तातली जात नाही. यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासूनही ग्लुकोज तयार करते. गाठीला तिचा वाटा मिळत राहतो आणि रोग्याचे दंड-मांड्या मात्र झडतात.

मग पेशीची उपासमार करताच येत नाही का? येते. त्यातल्या एका कथेचा उगम मुंबईत आहे. १९२८च्या सुमारास लुसी विल्स इथल्या गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील पंडुरोगाचा अभ्यास करायला आल्या. यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. डीएनए बांधायला ते लागतेच.

पुढे बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना फोलेटवर्गीय द्रव्ये दिली, तेव्हा रोग वेगाने बळावल्यासारखा दिसला. त्यांनी उलटा मार्ग धरला. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या प्रयोगशाळेचे संशोधन पाहत, तिथे बनलेले अमिनोप्टेरिन हे फोलेटविरोधी औषध त्यांनी वापरले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा नोंदली आहे. ती तात्पुरती होती. पण त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

दुसरी कथा अस्पॅरॅजिनची. १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन किड यांना गिनीपिगच्या सीरमने उंदरांतल्या काही गाठी विरताना दिसल्या. ही करामत सीरममधल्या अस्पॅरॅजिनेज या विकराची होती. ते रक्तातले अस्पॅरॅजिन मोडून टाकते. निरोगी पेशी ते स्वतः बनवतात. मुलांमधल्या तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसे बनवता येत नाही. आहारातून अस्पॅरॅजिन वगळून हे कधीच साधले नसते, कारण शरीर स्वतःच ते बनवते. इंजेक्शनने दिलेले विकर ते साधते.

पेशीची उपासमार अशी होते: तिची नेमकी गरज शोधून, तेवढीच वाट अडवून. हे काम औषधाचे आहे. रोग्याच्या जेवणावर ते सोपवू नये. मधुमेह असेल तर पथ्य पाळायलाच हवे. एरवी वरण-भात, अंडे, दही, दाण्याची चटणी डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर ताटात राहू द्यावी. वजन दर आठवड्याला लिहून ठेवावे आणि ते घटू लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना व आहारतज्ज्ञांना कळवावे. केमोथेरपी सोसायला अंगात ताकद लागते, आणि ती अन्नातूनच येते.