देवी झोपते तेव्हा संशोधकाने काय करायचं?

तुळजापूरला पहिल्यांदा गेले तेव्हा वहीत एका ओळीत लिहिलं होतं: ‘देवी वर्षातून तीनदा झोपते – श्रद्धा.’ आणि पुढे गेले. ती माझी चूक. तुम्ही करू नका.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती जागेवरून हलवता येते. पुष्कळशा मोठ्या देवळांत मूळ मूर्ती अचल असते आणि मिरवायला वेगळी उत्सवमूर्ती. इथे मुख्य मूर्तीच सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. हे एक कळलं की बाकीचे विधी उलगडायला लागतात. सीमोल्लंघनाला देवी साड्यांत गुंडाळून पालखीतून मंदिराला प्रदक्षिणा घालते, ते का शक्य होतं, हेही.

आता पुढचा प्रश्न विचारा: पालखी आणि पलंग येतात कुठून? पालखीचा मान नगरजवळच्या बुऱ्हाणनगरचा, पलंगाचा घोडेगावचा. म्हणजे तुळजापूरचा विधी तुळजापुरात पूर्ण होतच नाही! ती वाट नकाशावर काढा. कुठल्या गावात थांबतात, कोण खांदा देतं, मान कोणत्या घराण्याकडे, हे लिहा. ‘श्रद्धा’ या एका शब्दाखाली मी हे सगळं गाडलं होतं. मार्गदर्शकांनी वही परत केली ती बरोबरच.

आणखी एक अडचण येईल. सभासद बखर म्हणते की १६५९ च्या स्वारीत अफजलखानाने भवानी फोडून जात्यात भरडली. पुजाऱ्यांची परंपरा सांगते, मूर्ती आधीच लपवली होती. घाईने एकाला खरं ठरवू नका. बखर राजारामाच्या काळातली, घटनेनंतर पस्तीस-चाळीस वर्षांनी लिहिलेली. परंपरा तोंडी, आणि ती सांगणाऱ्यांचा हक्क त्याच मूर्तीशी बांधलेला. कोण, कधी, कशासाठी सांगतंय ते दोन्हीकडे तपासा. मूर्ती हलवता येते, एवढ्यावरून ‘लपवली’ हे शक्य ठरतं, सिद्ध नाही. मी सुरुवातीला इथेच घसरले होते.

रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीतुळजाभवानी’ जायच्या आधी वाचा. आणि जमल्यास निद्राकाळातच जा. गोंधळी आणि आराधी निवांत बोलतात.